कबूल हाय

टीव्हीतून आवाज आला, "कबूल हाय," आणि टीव्हीवरच्या सुम्बुलचे ओठ मिटलेलेच राहिले. सलमाफुफीच्या ओटीवर जमलेली सगळी माणसं हसली. मी तेवढी हसले नाही, कारण ती सीडी मी बनवली होती.

कोणीतरी म्हणालं, परत लाव. मी परत लावली. काझीसाहेबांनी विचारलं, आवाज आला, ओठ मिटलेले. त्याआधीच्या, नवऱ्याच्या वरातीतही तीच तऱ्हा. ढोलावर काठी पडायची आणि आवाज मागाहून रमतगमत यायचा. नवऱ्या मुलाच्या, मुसैबच्या, मामांची शिंक आधी ऐकू आली आणि मामा नंतर शिंकले, तेव्हा तर लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. सुम्बुल पाणी आणायला म्हणून आत गेली ती परत आलीच नाही. नव्या नवरीला लाज वाटली असेल असं मला वाटलं, आणि मी माझ्याच अपमानात गुंतलेली असल्यामुळे त्याहून जास्त काही वाटून घेतलं नाही.

ही सीडी हसण्यासाठी बनवलेली नव्हती. सुम्बुलचे अब्बा, इनायतचाचा, कुवेतला. कंपनीनं रजा दिली नाही म्हणून पोरीच्या निकाहाला येता आलं नव्हतं. सुम्बुलची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं ते सलमाफुफीनं, म्हणजे चाचांच्या बहिणीनं. चाचांनी फोनवर एकच अट घातली होती, की निकाह ठरल्या दिवशी होऊ दे, पण माझ्या पोरीचं कबूल मी माझ्या कानानं ऐकणार. म्हणून ऐन वेळेला कुवेतची लाईन जोडून ठेवली, आणि ऐन वेळेलाच ती गेली. त्यावर चाचांनी दुसरी अट घातली. निकाह झाला तर झाला, पण रुखसत, म्हणजे पोरीची सासरी पाठवणी, आपण सीडी बघितल्याशिवाय नाही. पोरीला कबूल म्हणताना बघेन, ऐकेन, मगच न्या. त्यामुळे नवरी माहेरी, नवरा पोलादपूरला, दोन्हीकडची माणसं ताटकळलेली, आणि सगळं माझ्या त्या एका सीडीवर अडलेलं.

"तुजा मशीन विजोड हाय, अफशा," सलमाफुफी सगळ्यांदेखत म्हणाली. "नीट करून आन. आपल्या नात्यातला बिलाल कुवेतला कामाला चाललाय, त्याच्यासंगती जाऊ दे."

आता या 'विजोड'बद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या शब्दानं माझं डोकं फिरतं.

महाडच्या बाजारात माझ्या भावाचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर माझी मिक्सिंगची खोली. लग्नं, निकाह, बारशी, शाळेची गॅदरिंगं, सगळ्यांचं शूटिंग विनीत करायचा आणि कापणं-जोडणं मी. विनीत पोलादपूरचा, खांद्यावर कॅमेरा आणि तोंडात टोमणा, दोन्ही कायम. बायकांच्या खोलीत त्याला जाता येत नसे, तिथे कॅमेरा मी लावायची. आणि आमचं मशीन साधंसुधं नव्हतं. दोन प्रोसेसरांचं होतं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. महाडात बाकीच्यांच्या कॉम्प्युटरला एक डोकं होतं, तेही कुणाकुणाचं धड नव्हतं. माझ्याकडे दोन. जे काम दुसरीकडे दिवसभर रेंगाळायचं ते माझ्याकडे दुपारच्या जेवणाआधी उरकायचं, आणि हे मी गिऱ्हाइकांना सांगायला कधी विसरत नसे.

पण आधी बोर्ड आणि एकच प्रोसेसर घेतला होता. दुसऱ्यासाठी पैसे जमेपर्यंत तसला प्रोसेसर बाजारातून गेला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान फिरले. शेवटी एक जण म्हणाला, तोच नाही, पण त्याच घराण्यातला आहे, थोडा नवा, थोडा वेगवान, चालून जाईल. 'चालून जाईल' या दोन शब्दांवर अर्धा देश चालतो, माझं मशीन का चालू नये? मी घेऊन आले. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी, अशी नावंही मीच ठेवली. जावा-जावाच त्या. नव्या नवरीला पहिला मान म्हणून मी धाकटीला पहिल्या खाचेत बसवलं, आणि मशीन सुरूच होईना. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पुढे काही नाही. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की पहिल्या खाचेतली आधी जागी होते आणि ती दुसरीला उठवते. नवीनं जुनीला उठवायला जावं तर जुनीला तिची भाषा कळत नाही. अदलाबदल केली, थोरलीला तिचा मान दिला, आणि मशीन गुपचूप चालू झालं. विनीत म्हणाला, ही अक्कल आमच्या गावच्या कुठल्याही सासूला होती, त्यासाठी दोन दिवस लागले होय?

त्याचा आजा कुशाबा कुडपणात शेती करायचा. त्यानं एकदा विनीतला म्हणे विचारलं होतं की त्या मुसलमानाच्या पोरीच्या मशीनला बैल दोन का एक. दोन, पण एक जरा जास्त पळतो, असं विनीतनं सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, विजोड जोडी नांगराला चालते, लोकांसमोर काढू नये. विनीतनं हे बाजारभर केलं. तेव्हापासून माझ्या मशीनचं नाव विजोड. कुणाच्या सीडीवर साधा ओरखडा पडला तरी माणसं जिन्यातूनच म्हणायची, काय गो, जोडी भांडली का?

आणि खोटं कशाला बोलू, जोडी भांडत होती. दोघींची घड्याळं आपापली. मिक्सिंगचा प्रोग्राम किती वाजले म्हणून कधी थोरलीला विचारायचा, कधी धाकटीला, आणि दोघींची उत्तरं जुळायची नाहीत. छोट्या कामात ते कळत नसे. सुम्बुलच्या निकाहाएवढं लांबलचक काम आलं की आवाज एकीच्या वेळेनं चालायचा, चित्र दुसरीच्या. त्यातून मामांच्या शिंका व्हायच्या. जावा-जावा उभा दावा म्हणतात ते काही उगाच नाही.

तर फुफीच्या ओटीवरून मी ती सीडी घेऊन आले आणि खुर्चीत बसले ती कामासाठी नाही, रागासाठी. बसवेना म्हणून उठले. खिडकीशी गेले, खाली बाजार उन्हात पडलेला, गांधारी नदीकडून वारा म्हणून नाही. परत बसले. चहा मागवला, तो आला, त्याच्यावर साय धरली, तो तसाच परत पाठवला. वीज दुपारची जायची ती गेली. ती येईपर्यंत मी त्या खोलीत इतक्या येरझारा घातल्या की खालून भावानं काठीनं छताला ठोकलं.

वीज आल्यावर मी पहिली युक्ती केली. अमुक प्रोग्राम अमुक प्रोसेसरवरच चालव, असं विंडोजला सांगता येतं. मी मिक्सिंग एकट्या थोरलीवर बांधलं. धाकटी रिकामी बसली. काम रडतखडत चाललं, पण झालं. लावून बघितलं. ढोलाची काठी आणि आवाज एकत्र. मामा आणि त्यांची शिंक एकत्र. काझीसाहेबांचे ओठ आणि शब्द असे जुळले की मी टाळी वाजवली. मग त्यांनी विचारलं, आवाज आला, "कबूल हाय," आणि सुम्बुलचे ओठ मिटलेले.

मी धाकटीला शिव्या दिल्या. रिकामी बसूनही घोळ घालते म्हणजे काय! मशीन उघडलं, तिला खाचेतून उपटून काढली, त्या जागी रिकाम्या खाचेत लावायचं कार्ड लावलं, आणि थोरली एकटी ठेवून सगळं पहिल्यापासून केलं. याला अख्खा दिवस गेला. मधे फुफीचा निरोप आला, झालं का? पोलादपुराहून मुसैबचा फोन आला. तो बिचारा नरमाईनं विचारत होता, घाई नाही असं दोनदा म्हणाला, म्हणजे घाई होती. मुसैबमध्ये खोट काढायला गेलात तर चष्म्याच्या नंबराखेरीज काही सापडणार नाही. दोन ट्रक, धाकटी बहीण शिकतेय, तोंडात सुपारीसुद्धा नाही. मी त्याला सांगितलं, उद्या देते.

उद्याही ओठ मिटलेलेच होते. बाकी सगळं जागच्या जागी. निकाहाच्या खोलीतल्या बांगड्या हलत होत्या त्याच वेळेला वाजत होत्या. एक लहान मूल रडत होतं, त्याचं तोंड रडण्याबरोबर उघडत होतं. त्याच खोलीत, त्याच क्षणी, एकाच माणसाचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, असं कुठलं मशीन करील? माझ्या डोक्यात हे आलं आणि मी ते झटकून टाकलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग मी चित्र बघायचं सोडलं, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

कबूल हाय.

सुम्बुल उर्दू शाळेत शिकवते. घरात आमच्यासारखीच बोलते, हाय-नाय करते, पण शाळेत पोरांच्या तोंडातून 'हाय' निघालं तर फळ्यावर 'है' लिहून दहादा म्हणून घेते. निकाहाच्या आदल्या दिवशी मेंदी लावताना आम्ही तिची चेष्टा करत होतो, की बाई उद्या काझीसाहेबांचंही उर्दू सुधारणार. ती हसत म्हणाली होती, बघाच तुम्ही, माझं 'कबूल है' असं निघेल की अब्बांना तिकडे कुवेतमध्ये उभं राहावं लागेल.

काझीसाहेबांनी विचारलं होतं, कबूल है? आणि उत्तर आलं होतं, कबूल हाय. हा 'हाय' मी लहानपणापासून ऐकत आले होते. वरंधच्या बाजूचा, शेवट जरा ओढलेला. सलमाफुफी वरंधला वाढली.

मी चित्र परत लावलं आणि या वेळेस सुम्बुलकडे नाही, तिच्या बाजूला बघितलं. फुफी तिच्याजवळ बसलेली, कॅमेऱ्याकडे पाठ. काझीसाहेब आणि गवाह, म्हणजे साक्षीदार, पडद्यापलीकडे, त्यांना दिसत कोणीच नाही. त्यांनी एकदा विचारलं, थांबले. दुसऱ्यांदा विचारलं, थांबले. माणूस चोख, घाई केली नाही. तिसऱ्यांदा विचारलं. फुफीचा खांदा जरासा पुढे झुकला, आवाज आला, आणि बायकांनी साखर वाटायला घेतली.

मी कुठे होते? मी त्या खोलीत कॅमेरा तिकाटण्यावर लावून बाहेर पडवीत होते, हातात कॉर्डलेस फोन घेऊन कुवेत परत लावत होते. आत गेले तेव्हा माझ्याही तोंडात साखर घातली गेली.

तरी मला खात्री हवी होती. कॅसेट होती, पण ती वाजवायचा कॅमेरा विनीतकडे, आणि विनीत पोलादपूरला कुणाच्या तरी साखरपुड्यात. आधी कॅसेट बघावी हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, पण गावानं मशीनकडे बोट दाखवलं आणि मीही मशीनकडेच बघत बसले. विनीत आला तसा मी त्याच्या खांद्यावरून कॅमेरा ओढून घेतला. वायर सरळ टीव्हीत घातली. कॉम्प्युटर बंद, थोरली नाही, धाकटी नाही, मध्ये कोणीच नाही. कॅसेट फिरली. आवाज आला, ओठ मिटलेले.

विनीतनं ते दोनदा बघितलं. 

"आग रामेश्वरी," तो हळू म्हणाला, "आणि आपण बंब सोमेश्वरी."

मशीन निर्दोष सुटलं होतं. मला केवढा आनंद व्हायला हवा होता! फुफीच्या ओटीवर जाऊन, ती कॅसेट सगळ्यांसमोर लावून, बघा, माझी जोडी भांडली नाही, असं म्हणायचं मी किती रंगवलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले. 

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मीही एकदा कबूल म्हटलेलं आहे. मोठ्यानं म्हटलं होतं, पहिल्याच विचारण्याला, आणि तो संसार टिकला नाही, मी परत भावाकडे आले. माणूस चुकलं, निवड चुकली, सगळं चुकलं. पण म्हटलं होतं मीच. त्या चुकीवर माझं नाव आहे. सुम्बुलच्या त्या शब्दावर तिचं नावच नव्हतं, आणि आमच्या मजहबात तर त्या एका शब्दाशिवाय निकाहच उभा राहत नाही. तोच कुणीतरी तिच्यासाठी उरकून टाकला होता, भाजीत मीठ घालावं तसा.

मी सुम्बुलला बोलावून घेतलं. अल्बमसाठी फोटो निवडायचेत असा निरोप पाठवला. शाळा सुटल्यावर ती आली, हाताला खडूची पांढरी. विनीतला मी खाली पाठवलं.

आणि तिच्यासमोर मी काय केलं असेल? मी कारागीर. मला तुटलेलं दिसलं की जोडायचंच सुचतं. मी माईक पुढे ठेवला, हेडफोन ठेवला, आणि म्हटलं, तुझा आवाज नीट आलेला नाही, एकदा म्हण, मी त्या जागी बसवते. ओठांचंही काहीतरी करीन, तेवढा वेळ ओढणी पुढे आलेली दाखवीन. कुणाला कळणार नाही. चाचा खूश, फुफी खूश, रुखसत होईल.

तिनं हेडफोन घातला. मी तो तुकडा लावला. तिनं तो बघितला, स्वतःचा मिटलेला चेहरा, आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माईककडे बराच वेळ बघत राहिली.  खाली भाऊ कापड फाडत होता त्याचा आवाज येत होता.

"मी नाय म्हननार होते असा नाय गो," ती म्हणाली. "मी अजून काय म्हटलाच नव्हता."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. लाईन गेल्याचं तिला कळलं होतं. अब्बा ऐकत नाहीत म्हणून ती थांबली. फुफीला म्हणाली, परत लागू दे. फुफी म्हणाली, माणसं खोळंबलीत. काझीसाहेब विचारत होते. मुसैब वाईट नाही हे तिलाही माहीत होतं. पण त्याच्याशी ती एकदाच बोलली होती, तेही चार माणसांत, आणि तिनं ठरवलं होतं की अब्बा कानाशी असले म्हणजे आपल्या तोंडातून काय निघतं ते आपल्यालाच कळेल. ती ते बघायला थांबली होती. तेवढ्यात तिच्या कानाशी कोणीतरी तिचं उत्तर देऊन टाकलं, आणि तोंडात साखर आली. साखर थुंकून टाकायची का? आणि पुढे कुणाला सांगायचं? जिनं न्हाऊमाखू घातलं त्या फुफीचं तोंड काळं करायचं?

"ती काय दुश्मन नाय," सुम्बुल म्हणाली. "तिला वाटला, पोर लाजली."

मी म्हटलं, मग आता म्हण. हाय म्हण, नाही तर नाय म्हण. माईक चालू आहे.

तिनं माईकचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"हाय तशी पाठव," ती म्हणाली. "मशीन नीट करून पाठव, बाकी कायपन नको करू. अब्बांनी बघितल्यावर बघू."

मी विचारलं, आणि चाचांनाही मशीनच बिघडलंय असं वाटलं तर? ती उठली, हात ओढणीला पुसला. "इकडे तसाच वाटू दे," म्हणाली, "फुफीला तसाच सांग." आणि फोटो न निवडताच जिना उतरली.

म्हणजे काय करायचं ते मला बसल्याजागी कळलं, आणि त्यानं माझं अंग जळलं. सीडी चोख बनवायची. आणि ती बिघडलेली आहे असं माझ्याच तोंडानं सगळ्यांना सांगायचं.

मी चोख बनवली. इतकी चोख सीडी मी त्याआधी कधी बनवली नव्हती. मग ती घेऊन सलमाफुफीकडे गेले. बिलाल तिथेच सामान बांधत होता, सोडे, मसाला, लोणच्याच्या बरण्या, कुवेतला जाणाऱ्याच्या पेटीत अख्खं महाड जातं. शेजारच्या बायका होत्या, मुसैबची आईही पोलादपूरहून आलेली. सीडी लावली. ढोल जुळला, शिंक जुळली, बायकांनी माना डोलावल्या. मग तो तुकडा आला. ओठ मिटलेले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, तेवढं नाही जमलं. दोन प्रोसेसर विजोड आहेत, त्यांची वेळ जुळत नाही. बाकी ओढूनताणून बसवलं, तेवढा तुकडा काही हाती लागत नाही. मशीनचा दोष आहे. मला जमलं नाही.

हे शेवटचं वाक्य म्हणताना माझे कान गरम झाले. मुसैबची आई म्हणाली, पुढच्या वेळेस दुसऱ्या स्टुडिओवाल्याला सांगू या. तिच्या धाकटीच्या लग्नाचं काम मला मिळायचं होतं. कोणी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. मी तेही ऐकून घेतलं. ज्या मशीनसाठी मी अख्ख्या बाजाराशी भांडले, त्याला मी स्वतः दोषी ठरवून आले होते, आणि ते बिचारं माळ्यावर निर्दोष बसलेलं.

 सलमाफुफीनं माझ्याकडे बघितलं नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "मशीनच तो. चुकायचाच." आणि मला चहा आणून दिला, त्यात साखर इतकी की जीभ चिकटली. तिला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिला कळलं असावं. आत दाराआड सुम्बुल उभी होती, ती दिसली नाही, तिच्या बांगड्या दिसल्या.

बिलाल गेला. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त त्यातली तडफड आठवते. फोन वाजला की मी ताडकन उठायची. तो कापडवाल्याचा असायचा, विनीतचा असायचा, चुकीचा नंबर असायचा. काम कमी झालं होतं. दोन कामं दुसऱ्या स्टुडिओत गेली. विनीत म्हणाला, दोन्ही प्रोसेसर सारखे आणून टाक, निदान लोकांची तोंडं बंद होतील. मी म्हटलं, नाही. धाकटीला मी परत तिच्या खाचेत बसवलं आणि लहानसहान कामं दोघींकडून करून घेत राहिले. रागच होता तो.

फुफीकडे रुखसतीची बोलणी चालूच होती. हॉलची चौकशी झाली. मुसैबच्या घरी रंग लावला. चाचांनी सीडी बघितली असणार, सगळे म्हणत, मग काही कळवत का नाहीत? सुम्बुल शाळेत जायची आणि परत यायची. माझ्या माळ्याखालून जाताना वर बघायची. मी खिडकीतून मान हलवायची, अजून नाही.

मग एका सकाळी फोन आला. पलीकडे ती कुवेतची घरघर, आणि त्या घरघरीत इनायतचाचा. मी सलाम केला. त्यांनी घरचं काही विचारलं नाही. खोलीतल्या सगळ्यांबरोबर सीडी बघितली, म्हणाले. बिलाल सांगत होता अफशाचं मशीन बिघडलंय. पोरं हसली. मग पोरं कामावर गेल्यावर एकट्यानं बघितली. मग परत बघितली. एवढं सांगून ते थांबले. मला वाटलं लाईन गेली. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अफशा," चाचा म्हणाले, "खरा सांग. तुजा मशीन बिघडलेला हाय?"

जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजत होती, कोणी गिऱ्हाईक असेल, ऐकलं तर ऐकलं. टेबलाखाली मशीनचा पंखा फिरत होता.

"नाय चाचा," मी म्हटलं. "मशीन बरोबर हाय."

 लाईन गेली नव्हती, घरघर चालू होती. एवढा मोठा माणूस श्वास घेताना मला ऐकू येत होता.

"रुखसत थांबवायची," शेवटी ते म्हणाले. "सलमाला बोलू नको कायपन, मी बोलेन. कंपनी रजा देवो नाय तर नोकरी जावो, मी येतोय. पोरीला माज्यासमोर परत विचारतील. ती म्हनेल तसा."

मी हो म्हटलं. 

"आनि सुम्बुलला सांग," चाचा म्हणाले, "अब्बान आयकला."

फोन ठेवला तेव्हा दारात एक बाई बारशाची कॅसेट घेऊन उभी होती. ती विचारत होती, तुमचं ते दोन डोक्यांचं मशीन हल्ली बिघडलेलं असतं ना? मी तिला बसा म्हणायचीही विसरले. शाळेची मधली सुट्टी व्हायची होती. मी पायात चपलासुद्धा न घालता जिना उतरले आणि भर उन्हात शाळेकडे निघाले.